परतीची तार

चावी फिरवली की सेल्फमधून नुसता टक् आवाज येतो. हेडलाइट लावलेले असतील तर ते त्याच क्षणी विझायला येतात, आणि इंजिन काही उचलत नाही. अशी गाडी चार माणसं ढकलत दुकानापुढं आणतात तेव्हा मालकाचं निदान आधीच झालेलं असतं. "बॅटरी गेली बघा." बॅटरी नवी असेल तर, "मग सेल्फ खोला." मी आधी दोन्हींना हात लावत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून निघालेली काळी तार धरतो आणि ती कुठं जाते, कशावर टेकते, ते बघत जातो. ती जिथं चेसिसला किंवा इंजिनला बोल्टनं आवळलेली असते त्या जागेला आम्ही अर्थ म्हणतो. माझ्या धंद्यातली बरीच दुखणी मला त्या एका बोल्टखाली सापडली आहेत.

माकणी हे लोहारा तालुक्यातलं तेरणा नदीवरचं गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथंच आहे. पाण्याच्या आधारानं ऊस आला, उसामागं ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या आल्या. धरणात मासे धरणारी मंडळी आहेत, बर्फाच्या पेट्या भरून मासळी नेणारे पिकअप आहेत, वऱ्हाडाच्या जीप आहेत. या सगळ्या गाड्यांचा एक सामाईक शत्रू म्हणजे आमची काळी माती. पावसाळ्यात ती मडगार्डच्या आत थापून बसते आणि वरून वाळली तरी आत ओल धरून ठेवते. गाडीचे अर्थ नेमके तसल्याच जागी असतात: मागच्या लाइटच्या पाठीमागं, चेसिसच्या कडेला, बॅटरीच्या पेटीखाली. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागातही टँकरची वर्दळ होती. टँकर थोडाफार गळतोच. ते पाणी चेसिसवरून मागं सरकतं आणि टेललाइटच्या अर्थपाशी जिरतं. जमिनीला पाणी नव्हतं, पण टँकरचे बोल्ट गंजून निघत होते.

गाडीतला अर्थ समजायचा असेल तर शेतातली मोटार आणि गाडी यांतला फरक आधी डोक्यात बसावा लागतो. विहिरीवरच्या स्टार्टरला अर्थिंग असतं ते जीव वाचवण्यासाठी. ते तुटलं तरी मोटार चालत राहते, म्हणून तर लोक त्याकडं लक्ष देत नाहीत. गाडीतला अर्थ जमिनीत जात नाही. टायर रबराचे असतात, जाणार कुठून? गाडीत अर्थ म्हणजे करंट परत येण्याचा रोजचा रस्ता. बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून निघालेला करंट फ्यूज, स्विच, बल्ब असं करत पुढं जातो आणि बल्बमधून बाहेर पडल्यावर गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. प्रत्येक दिव्याला जायला एक आणि यायला एक अशा दोन तारा टाकण्याऐवजी कंपन्यांनी पूर्ण बॉडीचीच दुसरी तार केली. तांबं वाचलं, वजन वाचलं. जुन्या काळी ब्रिटनमधल्या अनेक मोटारींत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. १९६० च्या दशकात ती पद्धत मागं पडली. आता सगळीकडं निगेटिव्हच बॉडीला असतो. पण पत्र्याला तार टेकवली म्हणजे रस्ता झाला, असं नाही. पत्र्यावर रंग असतो, रंगाखाली प्रायमर असतो, कडेनं गंज चढत येतो, आणि यांतलं काहीही करंट नीट वाहू देत नाही.

सास्तूरकडचे एक गृहस्थ वऱ्हाडाची डिझेल जीप घेऊन आले होते. चेहऱ्यावर वैताग होता.

"भाऊ, दोन बॅटऱ्या झाल्या. सेल्फ दोनदा बांधून आणला. तरी सकाळी ढकलावीच लागायलीय."

मी विचारलं, "क्लच प्लेट कधी बदलली का?"

"बदलली की. दिवाळीच्या अगोदर."

"आन् हे दुखणं कधीपास्नं आहे?"

ते जरा थांबले. "त्याच्यानंतरच हो."

ॲक्सिलरेटर जड लागतो का, असंही मी विचारलं. लागत होता. एवढ्यावर माझं काम जवळपास झालं होतं. इंजिन चेसिसवर थेट बसवलेलं नसतं. हादरे कमी व्हावेत म्हणून ते रबरी माउंटिंगवर ठेवलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंत, नाहीतर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, एक जाड तार किंवा विणलेल्या तांब्याची पट्टी टाकलेली असते. सेल्फ गिअरबॉक्सच्या तोंडाशी इंजिनलाच बोल्ट केलेला असतो, त्यामुळं त्याचा सगळा करंट याच पट्टीतून परततो. क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवताना ती पट्टी सोडावी लागते, आणि घाईत ती परत लावायची राहून जाते. मग करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची वायर, क्लचची वायर, गिअरचे रॉड, जे काही धातूचं इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये असेल त्यातून तो वाहतो. बारीक वायर तापते, तिच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि पायाला ॲक्सिलरेटर जड लागतो.

मी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन उचलायच्या कड्याला लावलं, आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन पहिल्या फेरीला लागलं. गृहस्थ खाली उतरून आले आणि केबलकडं बघत राहिले. गिअरबॉक्सच्या कानावर बोल्टचं एक मोकळं भोक होतं, त्याच्याभोवती पट्टी बसत असल्याची गोल खूण अजून दिसत होती. ३५ चौरस मिलिमीटरची तार कापून, दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारं धातूचं कडं, दाबून, ती तिथं लावली. जुनी बॅटरी त्यांच्या घरी पडून होती तीही चांगली निघाली.

हे कसं होतं याचं गणित अवघड नाही. जॉर्ज ओहमनं १८२७ साली छापलेला नियम लातूरच्या आयटीआयत मी पाठ केला होता. त्याची किंमत कळली ती सेल्फच्या कामात. डिझेल जीपचा सेल्फ इंजिन फिरवताना २०० अँपिअर सहज ओढतो, थंडीत त्याहून जास्त. परतीच्या रस्त्यात एक शतांश ओहम जरी अडथळा आला, तरी २०० गुणिले ०.०१, म्हणजे दोन व्होल्ट तिथंच जिरतात. बारा व्होल्टांतले दोन गेले की सेल्फ रडायला लागतो. एक शतांश ओहम हा अडथळा किती लहान असतो? बोल्टखाली रंगाचा पातळ थर, किंचित गंज, किंवा थिंबलमध्ये सैल बसलेल्या तारा, एवढ्यानं तो होतो.

यातली फसवी गोष्ट अशी की हा दोष मीटर ओहमवर ठेवून सापडत नाही. नवी पोरं कामाला येतात तेव्हा तेच करतात. मीटर लावतात, 'पी' आवाज येतो, शून्य दिसतं, आणि म्हणतात, "दादा, अर्थ बरोबर आहे." मीटर स्वतःच्या छोट्या बॅटरीचा अगदी नाममात्र करंट सोडतो. तारेच्या शंभर काड्यांपैकी एक काडी जोडलेली राहिली तरी तेवढा करंट आरामात जातो. ओढ्यावर टाकलेल्या लाकडावरून माणूस पलीकडं जातो, म्हणून त्यावरून उसाची ट्रॉली जाईल का? अर्थ तपासायचा तो भार देऊनच. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. रस्ता चांगला असेल तर मीटर शून्याच्या जवळ राहील. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर काम निघालं. त्या जीपवर मी मागाहून नवी तार सोडून मुद्दाम मापलं तेव्हा मीटरनं साडेतीनच्या वर दाखवलं होतं. मग लाल पिन एकेक पायरी मागं आणायची: इंजिन, थिंबल, बोल्ट, चेसिस, क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उतरतो, दोष त्यांच्या मधे.

मीटर नसेल तर साधा टेस्ट लॅम्प चालतो, पण त्यात २१ वॅटचा बल्ब हवा. हल्ली एलईडीचे टेस्टर मिळतात. ते दिसायला छान असतात, पण अर्थ तपासायला मी ते वापरत नाही. एलईडी इतका कमी करंट घेतो की सडक्या जोडावरही झगझगीत पेटतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो आणि जोड कच्चा असेल तर लगेच लाल पडतो.

आता अर्थ बनवायचा कसा, हे जरा सविस्तर लिहितो, कारण हे काम सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. सुरुवात बॅटरी सोडण्यापासून. निगेटिव्ह आधी काढायचा, जोडताना शेवटी लावायचा. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला लागला, तर पाना तापून लाल होतो आणि हात भाजतो. जागा निवडायची ती जाड धातूची, शक्यतो कंपनीनं आटे पाडून दिलेली. पातळ पत्र्यात स्क्रू घुसवून केलेला अर्थ पहिल्या वर्षी चालतो. मग स्क्रूचं भोक मोठं होतं, पाणी शिरतं, आणि मागचा लाइट खड्ड्याखड्ड्याला लुकलुकायला लागतो. दार, डिकी, बोनेट अशा हलत्या भागावर अर्थ घेऊ नये, कारण मग बिजागरीतून करंट जातो. ब्रेकच्या किंवा डिझेलच्या पाइपच्या क्लिपवर तर मुळीच नाही. फायबरचं टप, प्लास्टिकचं बंपर यांना अर्थ मिळत नाही, हे सांगायची वेळ यावी याचं मला नवल वाटतं, पण येते.

जागा ठरली की रंग काढायचा. थिंबल जेवढ्या भागावर बसतं त्याहून थोडा जास्त भाग पॉलिश पेपरनं घासायचा, धातू चकाकेपर्यंत. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशनं साफ करायचे. थिंबलची खालची बाजूही घासायची. ती बहुतेक जण विसरतात. दातेरी वायसर कुठं घालायचा यावर कारागिरांत दोन मतं आहेत. काही जण तो थिंबल आणि बॉडीच्या मधे घालतात, म्हणजे दाते रंगात रुततात. मी तो वर, नटाखाली घालतो. थिंबलची पूर्ण सपाट बाजू चकाकत्या धातूवर बसली तर करंटला मोठी जागा मिळते. मधे वायसर आला की तो फक्त दात्यांच्या टोकांवर अवलंबून राहतो. वायसरचं काम हादऱ्यांनी नट सैल पडू न देणं, आणि ते वरूनच होतं.

थिंबल तारेला हातोडीनं ठोकून बसवणं ही आमच्याकडची जुनी खोड आहे. ठोकलं की बाहेरून चपटं दिसतं, आत मात्र अर्ध्या काड्या मोकळ्या राहतात. दाबायचं यंत्र असतं, त्यानंच दाबावं. डाग देण्याबद्दलही माझं मत सांगतो. गाडीत जिथं सतत हादरा असतो तिथं नुसतं डाग दिलेलं थिंबल मी टाळतो. कथिल तारेत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथं कडक संपून मऊ सुरू होतं नेमक्या त्या जागी काही महिन्यांत तार तुटते. नीट दाबलेला जोड आणि वर आकसणारी ट्यूब, एवढं पुरतं. जोड आवळून झाला की मग वरून व्हॅसलीन किंवा रंग. आधी आवळायचं, मग झाकायचं. झाकणं गरजेचंच आहे, कारण तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असताना मधे ओल आली की लोखंड नेहमीपेक्षा लवकर गंजतं. म्हणूनच चांगलं थिंबल नुसत्या तांब्याचं नसतं, त्यावर कथिलाचा मुलामा असतो.

बॅटरीच्या खुंटावर जो हिरवा-निळा साका दिसतो ते मोरचूद. द्राक्षबागायतदार चुन्यात कालवून फवारतात तेच. बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड झिरपून तांब्याला लागलं की ते तयार होतं. पांढरी भुकटी असेल ती शिशाची. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला की फेस येऊन निघून जातं. पाणी बॅटरीच्या आत जाऊ नये एवढं सांभाळायचं. पण पुन्हा पुन्हा साका येत असेल तर खुंटाची फट किंवा जादा चार्जिंग बघावं लागतं, नुसतं धुऊन भागत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो मागच्या लाइटचा दोष, कारण तो चटकन ओळखता येतो. मासळीच्या पिकअपचा एक तरुण चालक आला. ब्रेक दाबला की त्याच्या गाडीचा इंडिकेटर मंद पेटत होता आणि पार्किंगचे दिवेही अंधुक लागत होते. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की वायरिंग जळालं आहे, सगळं नवीन टाकावं लागेल. बर्फाचं पाणी मीठ आणि मासळीचं खारवण घेऊन मागच्या कोपऱ्यात झिरपत होतं, आणि त्या कोपऱ्यात लाइटच्या अर्थचा स्क्रू मुळापासून खाल्ला गेला होता. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकचं २१ वॅटचं आणि पार्किंगचं ५ वॅटचं, आणि दोघांचा अर्थ एकच. तो अर्थ तुटला की ब्रेकचा करंट पहिल्या फिलामेंटमधून निघून दुसऱ्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, पार्किंगच्या तारेतून पुढं जातो आणि दुसऱ्या कुठल्या तरी दिव्याच्या चांगल्या अर्थमधून घरी पोहोचतो. वाटेत जेवढे दिवे लागतील ते सगळे थोडे थोडे पेटतात. एक दिवा लावला की भलताच दिवा लागतो, हेडलाइट लावले की डिझेलचा काटा हलतो, इंडिकेटर दिला की टेपमध्ये टिकटिक ऐकू येते, अशी लक्षणं दिसली की वायरिंग फाडू नका. आधी अर्थ बघा. त्या पिकअपचं काम नवीन तार जाड चेसिसवर आणून संपलं.

नव्या गाड्यांत हे प्रकरण जास्त नाजूक झालंय. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, आणि साध्या पिकअपच्या इंजिनावरसुद्धा सेन्सर वाढले. यांतले बरेच सेन्सर पाच व्होल्टांवर चालतात आणि व्होल्टच्या दशांशात बोलतात. त्यांच्या परतीच्या रस्त्यात थोडा जरी अडथळा आला तरी कंप्युटरला चुकीचा आकडा दिसतो, चेक लाइट लागतो, आणि मालक महागडा सेन्सर बदलतो. नव्या गाड्यांच्या निगेटिव्ह क्लॅम्पवरच अनेकदा बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो. तिथं जादा दिव्यांचा किंवा ॲम्प्लिफायरचा अर्थ सरळ खुंटावर घेतला तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही. अशा गाडीत बाहेरचं काहीही जोडताना अर्थ बॉडीवरच घ्यावा.

वेल्डिंगवाल्या मित्रांना मी हात जोडून सांगतो: गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प सोडा, आणि मशीनची अर्थ क्लिप वेल्डिंगच्या जागेशेजारीच लावा. पुढच्या बंपरला क्लिप आणि मागं कॅरिअरला काम, असं केलं की वेल्डिंगचा शेकडो अँपिअरचा करंट सगळ्या गाडीतून फिरतो. तो बेअरिंगमधून जातो, अर्थच्या तारांतून जातो, आणि वाटेत कंप्युटर असला तर त्यातूनही. एका गाडीचा कंप्युटर असा गेलेला मी पाहिला आहे. त्या माणसाच्या हंगामाची कमाई त्यात गेली.

अर्थच्या कामाचे पैसे मागताना मात्र जीव घुटमळतो. "सामान काय टाकलं?" असं गिऱ्हाईक विचारतं. एक थिंबल, एक बोल्ट, वीतभर तार. नवीन बॅटरी विकली असती तर दुकानात पैसा आला असता आणि गिऱ्हाईकही समाधानानं गेलं असतं, काही आठवड्यांनी परत येईपर्यंत. सोलापुरात मी ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो ते पार्ट विकण्याआधी दोष दाखवायचे. मालकाला बोलावून मीटरचा आकडा दाखवायचे, अर्थ घासून आवळायचे, पुन्हा आकडा दाखवायचे, आणि मगच पैसे सांगायचे. मीही तेच करतो. आकडा डोळ्यांनी पाहिला की माणूस घासाघीस करत नाही. बॅटरी, सेल्फ, डायनामो बदलण्याआधी असा आकडा दाखवण्याची मागणी प्रत्येक मालकानं करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं खरं कारण उसाची ट्रॉली आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर चालतात, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या लावून. बहुतेक ट्रॉल्यांना मागचे लाइट असतात. ट्रॅक्टरमागं सात पिनांचं सॉकेटही असतं, आणि त्यातली एक पिन खास अर्थसाठी राखलेली असते. पण सॉकेट तुटलं की कुणीतरी त्यातून नुसती एक तार ओढून मागं नेतो आणि परतीचा रस्ता हुकावर सोडून देतो. म्हणजे ट्रॉलीच्या लाइटचा करंट हुक आणि पिन यांच्यामधून परततो, जिथं ग्रीस असतं, माती असते, उसाचा चोथा असतो. ट्रॅक्टर ओढत असतो तोवर हुक ताणलेला असतो, धातूला धातू लागतो आणि लाइट लुकलुकत का होईना चालू राहतात. ट्रॅक्टर थांबला की हुक सैल पडतो, आणि लाइट जातो. पाटा तुटून, टायर फुटून ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी राहते, ड्रायव्हर पुढं जॅक शोधत असतो, आणि मागं अंधार असतो. दुसरी ट्रॉली असली तर करंटला दोन हुक ओलांडावे लागतात, त्यामुळं सगळ्यात मागचा, म्हणजे सगळ्यात गरजेचा लाइट सगळ्यात आधी विझतो.

अशा उभ्या ट्रॉलीवर मागून आदळलेल्या दुचाकींच्या बातम्या दर हंगामात येतात. त्या बातम्यांतली पोरं बहुतेक विशीतली असतात. मला त्या वाचवत नाहीत. रिफ्लेक्टर लावतात, ते लावावेतच, पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागून येणाऱ्याचा हेडलाइट त्यावर पडला तरच तो चमकतो, आणि त्यावर चिखल उडालेला असला तर तेही नाही. शिवाय मागून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट तरी धड असतो का? बल्बचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरलं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. कच्च्या अर्थची मोटारसायकल आणि कच्च्या अर्थची ट्रॉली एकाच रस्त्यावर येतात तेव्हा दोघांनाही वाटतं की आपले लाइट चालू आहेत.

उपाय फार खर्चाचा नाही. सात पिनांचं नवीन सॉकेट आणि प्लग आणा. अर्थसाठी वेगळी तार टाका, अडीच चौरस मिलिमीटरची, ट्रॅक्टरच्या चेसिसवरून निघून ट्रॉलीच्या दोन्ही टेललाइटपर्यंत थेट जाणारी. दुसरी ट्रॉली असेल तर पहिलीच्या मागं आणखी एक सॉकेट लावा आणि तीच तार पुढं न्या. तार लोखंडी पाइपातून न्या, म्हणजे ऊस भरताना कोयत्यानं कापली जाणार नाही. हुकाला लाइटच्या कामातून पूर्ण मोकळं करा.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमालकांना आणि टोळीच्या मुकादमांना माझी विनंती आहे. कारखान्यात पहिली मोळी पडण्याआधी एका संध्याकाळी ट्रॉली जोडून उभी करा, ट्रॅक्टर वीतभर मागं घेऊन हुक सैल करा, लाइट लावा आणि स्वतः मागं जाऊन बघा. एक जरी दिवा विझलेला असला, तर तो दुरुस्त होईपर्यंत त्या ट्रॉलीत ऊस भरू नका.